गोळीबरोबर चालणेही केसपेपरवर यावे



आमच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला वंदना झाली की महिला मंडळाच्या आम्ही दोघी-तिघी बाहेरच्या ओट्यावर टेबल मांडतो. बीपीचे मशीन, वजनकाटा आणि बोटाला टोचून साखर बघायचे मशीन एवढेच सामान. रांगेतल्या प्रत्येकाला मी दोन प्रश्न विचारते. पहिला, "गोळ्या चालू आहेत का?" याचे उत्तर सगळ्यांकडे असते. कुणी तर पिशवीतून पाकीटच काढून दाखवते. दुसरा प्रश्न, "चालायला, व्यायामाला डॉक्टरांनी काय सांगितलेय?" यावर माणसे एकमेकांकडे बघतात. "चालत जा म्हणाले होते," असे कुणीतरी म्हणते. किती वेळ? कधी? गुडघा दुखत असेल तर काय करायचे? ते त्यांनी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही.

मी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काम केले. तेव्हा मीही हेच करत होते. रुग्णाला घरी सोडताना कागदावर तीन ओळी लिहायच्या: औषधे वेळेवर घ्या, पथ्य पाळा, व्यायाम करा. पहिल्या ओळीसाठी रुग्णाच्या हातात गोळ्या पडत. दुसरीसाठी एखादा छापील तक्ता मिळे. तिसरीसाठी काहीच नसे. आजचे माझे म्हणणे त्या तिसऱ्या ओळीबद्दल आहे. शुगर, बीपी, हृदयविकार, दमा, संधिवात, लकवा हे वर्षानुवर्षे सोबत राहणारे आजार आहेत. या आजारांत शरीराची हालचाल हा उपचारच आहे. गोळीप्रमाणे तिचीही मात्रा ठरली पाहिजे, ती केसपेपरवर लिहिली पाहिजे, पुढच्या भेटीत तिची चौकशी झाली पाहिजे आणि ती करायला वस्तीत जागा मिळाली पाहिजे.

घरात होणाऱ्या दोन चुका

आमच्या गल्लीतल्या एका काकांना हार्ट अटॅक येऊन गेला. मुले गुणाची. त्यांनी वडिलांना पलंगावरून उठू दिले नाही. पाणी हातात, जेवण हातात. सहा महिन्यांनी काकांच्या मांड्या वाळल्या आणि पाच पायऱ्या चढताना धाप लागू लागली. घरच्यांना वाटले, हृदय आणखी बिघडले. तपासणीत हृदय होते तसेच निघाले. बसून बसून अंगातली ताकद गेली होती. मग डॉक्टरांना विचारून आधी घरातल्या घरात पाच मिनिटे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग नाक्यापर्यंत असे हळूहळू चालणे वाढवले. आता ते रोज सकाळी स्वतः जाऊन पेपर आणतात.

दुसरी चूक बायकांच्या बाबतीत होते. चार घरची धुणीभांडी करणारी आमची एक ताई. शुगर आठ वर्षांची. तिला ना आराम मिळाला, ना स्वतःसाठी अर्धा तास. पायांना मुंग्या येत होत्या, मग पाय बधिर झाले. चपलेतून वर आलेला खिळा तिला दिवसभर कळलाच नाही. जखम चिघळली आणि पायाचे बोट काढावे लागले. तिच्या पायांची एकदा तपासणी झाली असती, कोणती चप्पल घालायची आणि कसे चालायचे हे कुणी सांगितले असते, तर कदाचित बोट वाचले असते.

एका घरात प्रेमाने माणसाला खाटेला खिळवले. दुसऱ्या घरात बाईला मरेस्तोवर राबू दिले. दोन्हीकडे आजारी शरीराला किती आणि कोणती हालचाल हवी हा प्रश्न कुणी विचारला नाही.

हालचालीने नेमके होते काय?

आपला स्नायू आखडतो-सैल होतो तेव्हा तो रक्तातली साखर ओढून घेतो. इन्सुलिन नीट काम करत नसले तरी काम करणारा स्नायू साखर घेतो. एकदा चांगले चालल्याचा परिणाम दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतो. म्हणून शुगरवाल्यांनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नये. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तर जेवणानंतर चढणारी साखरही कमी चढते. बीपीच्या रुग्णाने नियमित व्यायाम केला तर वरचा आकडा साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की झिजलेल्या गुडघ्यावरचा ताण कमी होतो आणि दुखणे कमी होते.

लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच बसवरची, एकाच प्रकारच्या घरातली ही माणसे. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांच्या मानाने जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. आपल्या समाजातली कितीतरी माणसे एसटीत आणि शहरांच्या बससेवेत नोकरीला आहेत, त्यांना हे सांगायलाच हवे.

आपल्या देशातला दाखला हवा असेल तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा अभ्यास आहे, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांना सुमारे तीन वर्षे पाहिले. ज्यांनी चालणे वाढवले आणि आहार सुधारला त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. ज्यांना मेटफॉर्मिनची गोळी दिली त्यांच्यात तो २६.४ टक्क्यांनी घटला. उंबरठ्यावरच्या माणसाला पथ्य आणि पाय मिळून गोळीइतके काम करतात, हे आपल्याच माणसांवर सिद्ध झाले आहे.

आता आकडा बघा. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा आता श्रीमंतांचा आजार उरलेला नाही. आपल्या पत्र्याच्या घरात तो केव्हाच शिरला आहे.

एक गोष्ट ठणकावून सांगते. चालायला लागलात म्हणून गोळी बंद करायची नाही. "औषध फेका, फक्त हा व्यायाम करा" असे व्हिडिओ मोबाइलवर रोज फिरतात. त्यांच्या नादी लागून इन्सुलिन सोडलेले रुग्ण मी बेशुद्धावस्थेत आलेले पाहिले आहेत. चालून साखर, बीपी खाली येऊ लागली तर डॉक्टर गोळी कमी करतील. तो निर्णय त्यांचा.

"आम्ही तर दिवसभर राबतो"

हे वाक्य मला रोज ऐकू येते आणि ते खोटे नाही. व्यायाम करा असे सांगणाऱ्याला बरेचदा आपले जगणे ठाऊकच नसते. म्हणून याचे उत्तर नीट द्यायला हवे.

जी बाई रोज कामाला जाताना-येताना अर्धा-पाऊण तास झपाझप चालते, तिचे चालणे मोजायचेच. तिला आणखी चालायला लावणे हा अन्याय आहे. तिला गुडघ्यांना आणि कमरेला बळ देणारे पाच-दहा मिनिटांचे व्यायाम हवेत, आणि विश्रांती हवी. पण सगळे राबणे सारखे नसते. वॉचमन बारा तास खुर्चीत बसतो. भाजीची गाडी लावणारा एका जागी उभा असतो. शिलाई मशीनवरची बाई पाय हलवते, पण कंबर आणि मान आखडलेली. ओणवे होऊन फरशी पुसताना तेच सांधे घासतात. या कामांनी माणूस थकतो, पण हृदयाला आणि फुप्फुसाला लागणारी सलग, एका लयीतली हालचाल त्यातून मिळतेच असे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींमध्ये जुनाट आजार असलेल्यांचा पहिल्यांदाच स्वतंत्र विचार केला. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि वयस्करांनी तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम, असे त्यात सांगितले आहे. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग. १५० मिनिटे ऐकून घाबरू नका. रोज दहा-दहा मिनिटे तीनदा, आठवड्यातून पाच दिवस, झाले १५०. आणि इतके जमले नाही तरी जे जमेल त्याचा फायदा आहेच.

फॉर्म विचारतो, केसपेपर विसरतो

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी व्हायची आहे. आशाताई घरी येऊन जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर आणि घरातला आजार यांच्याबरोबर एक प्रश्न असतो: आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का? होत नसेल तर एक गुण वाढतो. एकूण गुण चारच्या वर गेले तर त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचे.

म्हणजे माणूस निरोगी असताना सरकार त्याला हालचालीबद्दल विचारते. तोच माणूस शुगरचा रुग्ण होऊन दवाखान्यात जाऊ लागला की हा प्रश्न गायब होतो. दर महिन्याला बीपी लिहिले जाते, साखर लिहिली जाते, गोळ्यांची संख्या लिहिली जाते. हालचालीसाठी मात्र कागदावर जागा उरत नाही. डॉक्टर वाईट आहेत असे मी म्हणत नाही. ओपीडीतली रांग मी आतून पाहिली आहे. एका रुग्णाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. पण "गेल्या आठवड्यात किती दिवस चाललात, किती मिनिटे?" हे विचारायला अर्धे मिनिट लागते आणि ते सिस्टरही विचारू शकते. उत्तर बीपीच्या आकड्याशेजारी लिहावे. गुडघा, कंबर किंवा लकव्याचा रुग्ण असेल तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवावे. आठवड्यातून एक दिवस तरी वस्तीजवळच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट बसावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. आज लकव्याच्या माणसाला रिक्षात घालून मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते, दिवसाची मजुरी बुडते आणि चौथ्या खेपेनंतर घरचे नेणे सोडून देतात.

जीवकाने नुसता सल्ला दिला नाही

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वैशालीत भिक्खूंना आळीपाळीने गोडधोड, भारी भोजन मिळत होते. त्यामुळे त्यांची शरीरे जड होऊन आजारपण वाढले. वैद्य जीवक काही कामासाठी तिथे आला होता. त्याने हे पाहिले आणि भगवान बुद्धांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमणाची, म्हणजे येरझारा घालण्याची, आणि गरम वाफेच्या स्नानगृहाची अनुज्ञा द्यावी. बुद्धांनी ती दिली.

मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या पुढचे. भिक्खू खडबडीत जमिनीवर चालू लागले, पाय दुखू लागले. तेव्हा जागा सपाट करण्याची अनुज्ञा मिळाली. जागा सखल होती, पाणी साचे. तेव्हा जोते उंच करायला सांगितले. चालताना कुणी पडले, तर कठडा आला. ऊन-थंडीचा त्रास होऊ लागला, तर वर छप्पर घालून चंक्रमणशाळा झाली. "चाला" एवढे सांगून कुणी थांबले नाही. अडचण आली तशी व्यवस्था केली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघात हे झाले. मग आपल्या विहारात का होऊ नये?

आमच्या विहारात मी सकाळी अर्धा तास व्यायामासाठी हॉल उघडा ठेवायचे सुचवले, तेव्हा एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "बाई, विहार वंदनेसाठी आहे, उड्या मारायला नाही." त्यांच्या भावनेचा मी आदर करते. पण आपले कितीतरी विहार पौर्णिमा आणि रविवार सोडला तर कुलूपबंद असतात. वस्तीत तेवढीच एक सपाट, पक्की, छप्पर असलेली, पंखा-दिवा असलेली आणि बायकांना सुरक्षित वाटणारी जागा असते. आजारी भिक्खूची घाण बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हाताने धुतली. आजाऱ्याची सेवा हा धम्माचाच भाग आहे. आधी पाच मिनिटे वंदना आणि आनापान, मग अर्धा तास व्यायाम, यात विहाराचा अवमान कुठे होतो?

व्यायाम म्हणजे योगासनेच असेही नाही. ज्यांना ती करायची त्यांनी करावीत. आपल्याकडे लेझीम आहे, समता सैनिक दलाची कवायत आहे, भीमजयंतीच्या मिरवणुकीत तास-तास नाचणारे पाय आहेत. हळू चालीवरची लेझीम साठीच्या बाईलाही जमते.

विहाराबाहेर पालिकेचे काम सुरू होते. फुटपाथ नाही, असला तर त्यावर गाड्या उभ्या. गल्लीत गटाराची झाकणे उघडी, संध्याकाळी दिवे नाहीत, मैदानाला कुलूप. अशा ठिकाणी गुडघेदुखीच्या आजीला "रोज चाला" सांगणे म्हणजे तिची थट्टा आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या मागे आपली माणसे महाडच्या परिषदेच्या मंडपातून चवदार तळ्यापर्यंत रांगेने चालत गेली. सार्वजनिक जागेवर आपलाही हक्क आहे, हे त्यांनी पायांनी सांगितले. वस्तीत सुरक्षित रस्ता आणि मोकळे मैदान मागणे त्याच हक्कात बसते. वॉर्ड ऑफिसला द्यायच्या अर्जात आता पाणी आणि शौचालयाबरोबर हेही लिहा.

सुरुवात कशी करावी, कुठे थांबावे

आधी डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारा: "माझ्या आजारात मी किती चालू? काय टाळू?" उत्तर केसपेपरवर लिहून मागा. पहिला आठवडा पाच ते दहा मिनिटे, मग दर आठवड्याला थोडे वाढवा. सुरुवातीला आणि शेवटी पाच मिनिटे हळू चाला.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर उपाशीपोटी व्यायाम करू नका आणि खिशात साखर ठेवा. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. लगेच थांबून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा प्या आणि दवाखाना गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नका.

पाय बधिर असतील तर अनवाणी चालू नका. एमसीआरची मऊ, मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, घालण्याआधी ती झटका, रात्री तळवे आरशात पाहा. पायाला जखम असेल तर चालणे बंद ठेवून खुर्चीवरचे व्यायाम करा. डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला असेल तर वजन उचलू नका.

बीपी १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर आधी ते आटोक्यात आणा. जोर लावताना श्वास रोखू नका. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक धाप असे झाले तर थांबा आणि १०८ ला फोन करा.

गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीत बसून एक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजावेत, खाली घ्यावा. असे दहा-दहा वेळा. मग हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, जमेल तितके. दम्याच्या माणसाने पंप जवळ ठेवावा, नाकाने श्वास घेऊन शीळ घातल्यासारखे ओठ करून हळू सोडावा.

सिकलसेलबद्दल वेगळे सांगते, कारण विदर्भातल्या आपल्या समाजात तो मोठ्या प्रमाणात आहे. या मुलांना खेळापासून पूर्ण तोडू नका. हलके खेळू द्या, पण भरपूर पाणी, मधूनमधून विश्रांती, आणि कडक ऊन व थंड पाणी यांपासून जपणूक हवी. शाळेतल्या सरांना आजाराची कल्पना द्या, म्हणजे शिक्षा म्हणून कुणी त्यांना पळायला लावणार नाही. वाहक असलेली मुले सामान्यपणे खेळू शकतात, पण उन्हात दमछाक होईपर्यंत पळू नये, पाणी पीत राहावे.

या वर्षावासात एवढे करू या

बाबासाहेबांना मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने ते बेजार होते. दीक्षाभूमीवर ते काठीच्या आधाराने उभे राहिले आणि ६५ व्या वर्षी आपल्याला सोडून गेले. जुनाट आजार माणसाकडून काय हिरावून घेतो हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन चालते. याच काळात, वाचनाच्या आधी अर्धा तास, जुनाट आजार असलेल्या सगळ्यांनी एकत्र यावे. पहिल्या दिवशी बीपी, वजन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून वहीत लिहावी. रोज हजेरी घ्यावी. न आलेल्याच्या घरी दुसऱ्या दिवशी कुणीतरी जावे. शेवटी तीच तपासणी पुन्हा करावी. वर्षावासाचा आणि या तपासणीचा काळ जवळपास सारखाच आहे. आकडे विहाराच्या फळ्यावर नावाशिवाय लावा आणि तीच वही घेऊन दवाखान्यात जा. आपण आपले काम केले, आता केसपेपरवर एक ओळ तुम्ही लिहा, असे तेव्हा आपल्याला हक्काने सांगता येईल.

बोट गमावलेली आमची ताई आता मंडळात येते. तिला चालणे कमी जमते, म्हणून ती खुर्चीवरचे व्यायाम घेते. नव्या बाईला पहिला प्रश्न तीच विचारते, "आज रात्री पाय बघितलेस का?"

विहाराची किल्ली कुणाकडे असते ते तुम्हाला ठाऊक आहे. उद्या सकाळी मागून घ्या.

नमो बुद्धाय, जय भीम.